गुरुवार अंघोळीचा

सोमवार, ५ जानेवारी

ही डायरी हार्डवेअरच्या दुकानातून फुकट मिळते. दर वर्षी मी तिची पानं चूल पेटवायला वापरते. या वर्षी आरोग्य केंद्रातल्या नोएमीनं सांगितलंय, सासरा काय खातो, किती खातो, धाप कधी लागते, पोट साफ होतं का, सगळं रोज लिहून ठेवा. मी म्हटलं, बाई, मी सातवीत शाळा सोडली, बटाटे काढायला. ती म्हणाली, "जसं बोलता तसं लिहा." मी बोलते तसं लिहिलं तर तुझे कान लाल होतील, म्हटलं. म्हणून तिला द्यायचं ते वेगळ्या कागदावर लिहीन. ही डायरी माझी.

सकाळी ब्रेडवर काकवी, अर्धा कप कॉफी. दुपारी वाटाण्याचं सूप. दोन चमचे घेतले आणि "खारट" म्हणून वाटी सरकवली. खारट नव्हतं.

सासरा म्हणजे अदेलार. फुप्फुसं वाळत चाललीत त्यांची. नाकात नळी, कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असतं. नळी खिडकीपर्यंत पुरते, म्हणून दिवसभर खिडकीत बसतात आणि गोठलेल्या खाडीकडे बघतात. तिथं मासे धरणाऱ्यांच्या टपऱ्या लागल्यात, रंगीबेरंगी, गावच वसलंय बर्फावर. त्यांची टपरी नारिंगी. या वर्षी ती भाड्यानं दिलीय.

माझा नवरा रेजाँ त्यांचा मुलगा. अॅल्युमिनियमच्या कारखान्यात उभ्या उभ्या गेला. मी या घरातून गेले नाही, यांनी जा म्हटलं नाही. आम्ही दोघांनी तो विषयच कधी काढला नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

आज विल्नेर आला होता. सोमवारी आणि गुरुवारी येतो. एजन्सीचा माणूस, मूळचा हैतीचा, दरवाजातून आत शिरताना वाकावं लागतं एवढा उंच. इतकी वर्षं इथं काढली तरी एकावर एक दोन टोप्या घालतो. सासऱ्यांना अंघोळ घालतो, दाढी करतो, मग सोंगट्यांचा एक डाव. न्हाणीघराचं दार लावून घेतात आणि आत काय चालतं देव जाणे, नुसता आरडाओरडा.

"पाणी गार आहे रे, मारतोस का मला!"

"गार? म्हातारबा, या पाण्यात आमच्याकडे भात शिजला असता."

बाहेर येतात ते उकडलेल्या बीटासारखे लाल होऊन. केस भांग पाडून.

आज जाताना विल्नेर म्हणाला, या महिन्याअखेरीस त्याचं काम संपतंय. आमच्या क्युबेक प्रांताच्या विधानसभेनं कायदा केलाय, सरकारी सेवेत खासगी एजन्सीची माणसं आता घ्यायची नाहीत. मी म्हटलं, तू काय चोरी केलीस? तो म्हणाला, "मी नाही हो बाई. पण एजन्सी सरकारकडून घ्यायची ते आणि मला द्यायची ते, यात एवढी मोठी दरी होती की तिच्यात ट्रक मावला असता. कायदा चुकीचा नाही." मग तू घरी बसणार तेच बरोबर काय? त्यावर खांदे उडवले. बरं बोलून काम टिकत नाही, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं.

गुरुवार, २९ जानेवारी

विल्नेरचा शेवटचा दिवस. मी ब्लूबेरीचा केक केला. सासऱ्यांनी त्याला स्वतःचे जुने बीव्हरच्या कातड्याचे हातमोजे दिले, त्यांच्या बापाचे. तोंडानं एवढंच म्हणाले, "दार नीट लाव, थंडी आत येते."

माणसानं एवढं केलं, दोन गोड शब्द बोलावेत की नाही? हे घराणंच तसलं. रेजाँनं मला मागणी घातली ती ट्रकच्या टायरबद्दल बोलता बोलता.

शुक्रवार, ३० जानेवारी

आमदाराच्या कचेरीत फोन लावला. एक मुलगा बोलला, आवाज अगदी इस्त्री केलेला.

"बाई, आता सेवा स्थिर होईल. कायमची, सरकारी माणसं येतील."

"कुठायत ती?"

"भरती चालू आहे."

"मग भरती होईपर्यंत माझ्या सासऱ्याला पारोसं ठेवू?"

त्यानं माझं नाव लिहून घेतलं. नाव लिहून घेतलं म्हणजे झालं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मंगळवारपासून नोएमीच येतेय अंघोळ घालायला. दुसरं कोणी नाही म्हणे. चांगली पोरगी, हात मऊ, बोलणं गोड. पहिल्या दिवशी सासरे म्हणाले, सर्दी झालीय, आज नको.

पुढच्या खेपेला म्हणाले, आज गुडघा दुखतोय. त्याच्या पुढच्या खेपेला झोपेचं सोंग. घोरण्याचंसुद्धा सोंग! मला माहीत नाही का ते कसे घोरतात?

नोएमी बर्नादेतची नात. बर्नादेत तरुणपणी म्हणे गावात सगळ्यांत छान नाचायची आणि आमचे सासरेबुवा तिच्याबरोबर नाचायला तीन गावं चालत जायचे. आता बर्नादेत चर्चच्या मागच्या बाकावर बसून सगळ्यांच्या बातम्या वाटते. एवढीच त्यांची गोष्ट. यात अंघोळीला नाही म्हणण्यासारखं काय आहे?

सोमवार, ९ फेब्रुवारी

घरात वास यायला लागला. खिडकी उघडावी तर बाहेर हाडं गोठतात. नणंदेचा फोन आला, कोलेतचा, क्युबेक सिटीहून. फोनवर ती नेहमी माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलते.

"गिलेन, इकडे एक खासगी निवास आहे. चोवीस तास नर्स. बाबांना घेऊन ये."

"तिथून खाडी दिसते?"

"गच्चीवर बाग आहे."

"मी खाडीचं विचारलं."

"तू सगळ्यात आडवी येतेस. तुला त्यांना सोडायचंच नाहीये."

मी फोन ठेवला. मला काय हौस आहे? उचलून उचलून माझी पाठ गेली. सोडायचं नाही म्हणे.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आज मीच उठले. म्हटलं, पुरे झाली नाटकं. न्हाणीघरात खुर्ची ठेवली, टॉवेल चुलीजवळ गरम केले, ऑक्सिजनची नळी दाराखालून आत घेतली.

"चला."

"कुठं?"

"धुवायला. तुमच्या मुलाची बायको आहे मी, कुठली राणी नाही लाजायला."

भांडतील असं वाटलं होतं. भांडले नाहीत. शर्ट काढू दिला, बनियन काढू दिली. पाठीला नुसत्या बरगड्या. मी विजारीला हात घातला तसं त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी आपली कामाला लागले. थोड्या वेळानं बघते तर गाल ओले.

"काय झालं?"

"डोळ्यात साबण गेला."

मी तर अजून साबण उघडलाही नव्हता. म्हातारपणी डोळे असेच गळत असतात. घासूनपुसून स्वच्छ केलं, धुतलेला शर्ट घातला, केस विंचरले. माझी पाठ मोडली. म्हटलं, आभार तरी माना. म्हणाले, "आभार, गिलेन." तेही भिंतीकडे बघून.

रात्री सूप परत खारट म्हणाले. मी म्हटलं, खारट वाटत असेल तर स्वतः शिजवा.

सोमवार, १६ फेब्रुवारी

हे लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.

सकाळी मी भांडी घासत होते आणि ते फोनवर होते. आधी वाटलं, टपरीच्या भाडेकरूशी बोलतायत. मग ऐकलं, नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली आणि म्हणाले, "मला मरायला मदत हवी आहे. हो, मीच बोलतोय. नाही, घरातल्या कोणी सांगितलेलं नाही."

हातातलं पातेलं फरशीवर पडलं. त्याचा कान तुटला.

आमच्याकडे याचा कायदा होऊन वर्षं झाली. गावातल्या काही जणांनी घेतलीय ही मदत. बर्नादेतच्या नवऱ्यानं तर त्या दिवशी अकॉर्डियन वाजवणारा बोलावला होता. मी तेव्हा म्हटलं होतं, ज्याचा त्याचा जीव. आता माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून कोणी असं बोललं, तर ते ज्याचं त्याचं राहत नाही.

"सुपामुळे?" मी विचारलं.

"काय?"

"सूप खारट होतं म्हणून?"

त्यांनी आमच्याकडच्या रीतीनं चर्चमधल्या एकूण एक वस्तूचं नाव घेऊन शिव्या दिल्या. मग धाप लागली. धाप बसल्यावर म्हणाले, "गिलेन, मी आता माणूस राहिलो नाही. सामान झालोय. इकडून उचल, तिकडे ठेव, पूस."

मी म्हटलं, "सामान असता तर कधीच विकून टाकलं असतं."

हसले नाहीत. एरवी हसले असते.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

सुपात डुकराचं खारवलेलं मांस अर्धंच घातलं, तेही रात्रभर पाण्यात भिजवून. खारट म्हणाले नाहीत. खाल्लंही नाही.

बुधवार, २५ फेब्रुवारी

डॉक्टर गोद्रो येऊन गेल्या. याआधी दुसरा डॉक्टर येऊन गेला होता. दोघांनी तपासायचं असतं. बाईंनी मला बाहेर बसवलं. माझ्याच घरात मला जिन्यावर! कुणाच्या दबावाखाली नाहीत ना, हे त्यांना एकट्यात विचारावं लागतं. माझा दबाव? मला तर हा माणूस टोपी घाल म्हटलं तरी ऐकत नाही.

मग आत बोलावलं. बाई सरळ बोलतात, मला आवडल्या. म्हणाल्या, हा आजार बरा होणार नाही. पुढं श्वास आणखी अवघड होत जाईल. मागणी कायद्यात बसते. दिवस त्यांनी ठरवायचा, बदलायचा असेल तर तोही त्यांनीच. त्या दिवशी सुई देण्याआधी मी पुन्हा एकदा विचारणार.

बरा होणार नाही हे मला कळतं. सातवीत शाळा सोडली म्हणून मी वेडी नाही.

"कधी?" बाईंनी विचारलं.

"खाडीवरून टपऱ्या उठतात त्या दिवशी," सासरे म्हणाले. "गावाची नोटीस लागलीय. बारा मार्च."

बर्फ पातळ व्हायच्या आत सगळ्यांनी टपऱ्या ओढून किनाऱ्यावर आणायच्या असतात. पोरवयापासून त्यांनी तो दिवस चुकवलेला नाही. टपऱ्या उठल्या की त्यांचा हिवाळा संपतो. त्यांनी दिवस कसा निवडला ते मला समजलं, पण समजून काय करू?

"जेवायला काय?" मी विचारलं. तोंडातून दुसरं काही निघेना.

"तूरत्येर. मोठी."

तूरत्येर म्हणजे मांसाचे आणि बटाट्याचे चौकोनी तुकडे, वरून पिठाचं जाड झाकण, रात्रभर मंद भट्टीत. ती दोघांसाठी कोणी करत नाही, गावासाठी करतात. म्हणजे लोक येणार.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

नोएमी ऑक्सिजनचं यंत्र बघायला आली. कागद भरता भरता म्हणाली, "माझ्यासमोर ते शर्टाचं वरचं बटणसुद्धा उघडत नाहीत. विल्नेर होता तेव्हा न चुकता अंघोळ व्हायची ना?"

"अंघोळीचं काय घेऊन बसलीस? इथं माणूस निघालाय."

"तसं नाही, मला वाटत होतं..."

"वाटत राहू दे. मला एवढंच सांग, त्या दिवशी सगळा गाव येणार, डॉक्टर येणार, आणि हे असे पारोसे, दाढी वाढलेले बसणार? लोक मला नावं ठेवतील. सरकारला सांग, विल्नेरला तेवढ्यापुरता पाठवा."

"सरकार नाही पाठवू शकत. पण तुम्ही स्वतःच त्याला ठेवून घेऊ शकता की."

"काय?"

"घरच्या मदतीला आपला माणूस आपण निवडायचा, पगार सरकार देतं. एजन्सी मध्ये नाही. ही सोय आधीपासूनच आहे."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मला माहीत असतं तर विचारलं असतं ना गं!"

बिचारी रडकुंडीला आली. म्हणाली, तिलासुद्धा परवाच्या बैठकीत कळलं. मी तिला केक दिला. कागद आजच पाठवते म्हणाली.

शनिवार, २८ फेब्रुवारी

विल्नेरला शोधायला निघाले. कळलं की तो खाडीवर टपऱ्या भाड्यानं देणाऱ्याकडे कामाला लागलाय. बर्फाला घाबरणारा माणूस, आणि बर्फावरच नोकरी. सापडला तेव्हा हातात बर्फाला भोकं पाडायचं गिरमिट, डोक्यावर तीन टोप्या, हातात सासऱ्यांचे मोजे. आमच्याच नारिंगी टपरीच्या दारात उभा होता. पायाखाली बर्फ कडकडलं तसा त्यानं माझा दंड धरला.

"बाई, हे रोज असं करतं! रोज मरतो मी."

मी सगळं सांगितलं. एकदम सांगितलं, मला गोल गोल बोलता येत नाही. तो खाली बसला, उलट्या बादलीवर.

"अंघोळ कोण घालतं आता?"

"मी घातली एकदा. छान घातली. नंतर नोएमीचा प्रयत्न."

"तुम्ही," तो म्हणाला. "आणि बर्नादेतची नात." आणि हातमोज्यात तोंड घातलं. मला वाटलं थंडीमुळे.

"येशील का?" मी म्हटलं. "कागद व्हायला वेळ लागेल. तोवर जेवण देईन. माझी पाठ गेलीय, आणि त्या दिवशी ते बरे दिसायला हवेत."

"दुपारचं काम संपलं की येतो. सोमवारी. आणि गुरुवारी."

"पुढचे दोन गुरुवार," मी म्हटलं. तो परत गिरमिट फिरवायला लागला.

सोमवार, २ मार्च

आला. मी सासऱ्यांना आधी काही सांगितलं नव्हतं. तो दारातून वाकून आत आला तेव्हा ते खिडकीत होते. वळून बघितलं.

"मोज्यांना भोक पाडलंस?"

"नाही म्हातारबा. बर्फाला पाडतो."

"हरामखोरा, दार लाव."

न्हाणीघराचं दार बंद झालं. मी सूप ढवळत बसले. मग आतून आवाज आला, "मारतोस का मला, गार आहे!" आणि विल्नेरचं ते मोठं हसू. मग सासऱ्यांचा आवाज, धापा टाकत, पण बोलतायत, बोलतच आहेत: बर्फ कडकडतं तेव्हा घाबरायचं नसतं गाढवा, ते गातं तेव्हा जाड असतं. गप्प झालं की पळायचं.

बाहेर आले ते बीटासारखे लाल. सूप दोन वाट्या प्यायले. दोन! मी म्हटलं, "खारट नाही ना?" म्हणाले, "ठीक आहे."

मांस भिजत घातल्याचा फरक पडतोच.

गुरुवार, ५ मार्च

अंघोळ. दाढी. सोंगट्यांत विल्नेर हरला, सासऱ्यांनी लबाडी केली, मी डोळ्यांनी बघितली. विल्नेरनंही बघितली असणार. मग सासऱ्यांनी त्याला सांगितलं, नारिंगी टपरीची चूल धूर करते, तिची नळी बदलायला हवी, कशी ते मी दाखवतो. मी म्हटलं, कशाला आता? दोघांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी मध्येच काही अश्लील बोलले.

मरणाची भाषा नाही, तारीख नाही, कशाचाच उल्लेख नाही. आणि तारीख भिंतीवर टांगलेली आहे.

सोमवार, ९ मार्च

कोलेत आली. आल्या आल्या पडदे धुवायला काढले. मग बाबांना बिलगून रडली, मग मला म्हणाली, "तू त्यांना थांबवलं का नाहीस?"

"तू थांबव. ते बघ बसलेत."

गेली. त्यांच्यासमोर बसली. दहा वाक्यं तयार करून आली होती, मला दिसत होतं. सासरे म्हणाले, "कोलेत, तुझ्या केसांचा रंग बदलला." तिची दहाच्या दहा वाक्यं गळून पडली. मग दोघं हात धरून खाडीकडे बघत बसली. मला तिची दया आली. हे मी तिला सांगितलं नाही, सांगणारही नाही.

संध्याकाळी बटाटे सोलायला ती माझ्या शेजारी बसली. जाड सालं काढते. म्हणाली, "गिलेन, ते गेल्यावर तू या घरात एकटी काय करशील?"

मी म्हटलं, पातळ सोल जरा.

बुधवार, ११ मार्च

मांस कापलं. डुक्कर, गोमांस, आणि शेजाऱ्यानं दिलेलं हरणाचं. पीठ मळलं. सगळ्यात मोठं पातेलं घेतलं, तेच, एक कान तुटलेलं. मीठ अगदी मोजकं. भट्टीत ठेवलं तेव्हा सासरे स्वयंपाकघरात आले, नळी ओढत, झाकणावर वाफेसाठी भोक पाडायचा मान मागितला. रेजाँ लहान असताना ते भोक तोच पाडायचा म्हणे. सुरीनं पाडलं. हात हलत होता म्हणून मी मनगट धरलं. नको म्हणाले नाहीत.

गुरुवार, १२ मार्च

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर सुटेल.

सकाळपासून खाडीवर ट्रॅक्टर. एकेक टपरी ओढून नेतायत. सासरे खिडकीत, दुर्बीण घेऊन, प्रत्येकाला शिव्या देतायत, असं ओढतात का, दोर बघा, दोर! लोक यायला लागले. बर्नादेत आली, लिपस्टिक लावून. दाराशी बूट मावेनात. तूरत्येरचं झाकण फोडलं तेव्हा वाफ छतापर्यंत गेली आणि सगळे ताटल्या घेऊन पुढं सरकले.

सासऱ्यांनी भरपूर खाल्लं. मी बघत होते, दुसरं काही बघत नव्हते.

दोन वाजता डॉक्टर गोद्रो आल्या, बॅग घेऊन. बूट काढले. कोणी कोणाकडे बघेना. कोलेत, मी आणि सासरे, तिघं त्यांच्या खोलीत. बाई पलंगाजवळ खुर्ची ओढून बसल्या, हात हातात घेतला, घाई अजिबात नाही.

"अदेलार, मी तुम्हाला शेवटचं विचारते. तुमची अजून तीच इच्छा आहे?"

यंत्र घरघरत होतं. बाहेर ट्रॅक्टर. सासऱ्यांनी खिडकीकडे बघितलं. मीही बघितलं. नारिंगी टपरी निघाली होती. पुढं दोर धरून, तीन टोप्या घातलेला विल्नेर बर्फावरून चालत होता, लहान पोराला शाळेत नेतात तशी टपरी नेत होता. जोरात. आमच्याकडेच.

"आज वार कोणता?" सासऱ्यांनी विचारलं.

"गुरुवार," डॉक्टर म्हणाल्या.

"मग आज नाही. गुरुवारी माझी अंघोळ असते."

कोलेतनं तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, "अंघोळीसाठी डॉक्टरबाईंना परत पाठवता?" तोंडातून निघून गेलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. म्हणाल्या, "तुमची मागणी रद्द होत नाही. तुम्हाला हवं तेव्हा मला फोन करा. नाही केलात तरी चालेल."

"करीन," सासरे म्हणाले. "कधीतरी करीनच. तुम्ही जेवलात का?"

बाई स्वयंपाकघरात बसून जेवल्या. बर्नादेतनं बाहेर सगळ्यांना सांगितलं, आधी कोणाला कळेना हसायचं की काय करायचं. मग अकॉर्डियन नव्हता म्हणून कोणीतरी दोन चमचे घेऊन मांडीवर ताल धरला.

विल्नेर आला, दाढीला बर्फ लटकलेलं, दारात थांबला. आत किती माणसं आहेत ते बघितलं, सासऱ्यांच्या खोलीकडे बघायची हिंमत होईना त्याची. खोलीतून ओरडा आला:

"उशीर केलास! पाणी ठेवलंस का?"

तो तसाच बूट घालून माझ्या धुतलेल्या फरशीवरून धावला. आज मी काही बोलले नाही. न्हाणीघराचं दार बंद झालं.

आता सगळे गेलेत. कोलेत भांडी पुसतेय, चुकीच्या फडक्यानं. नोएमी सांगून गेली, विल्नेरचे कागद मंजूर झालेत, सोमवारपासून तो कायद्यानं आमचा. सासरे खिडकीत आहेत, भांग पाडून. खाडीवर आता काही नाही, नुसत्या टपऱ्यांच्या चौकोनी खुणा. त्यांनी मला हाक मारून विचारलं, सोमवारी सूप कसलं करणार आहेस. मी म्हटलं, वाटाण्याचं.

मला माहीत आहे त्यांचं मन कशानं फिरलं. डॉक्टर, कोलेत, गाव, काय म्हणायचं ते म्हणू देत. उद्यापासून मीठ आणखी थोडं कमी घालणार आहे.